सोडतीतलं घर : घ्यावं की सोडावं?



वर्षातून दोन-तीनदा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप फिरतो. म्हाडाची सोडत निघाली, इतकी घरं, अर्जाची शेवटची तारीख अमुक. त्याखाली हमखास तीन प्रतिक्रिया येतात. पहिली, ‘आपण बडोद्याचे, आपल्याला चालतं का?’ दुसरी, ‘ओळख असल्याशिवाय काही लागत नाही.’ आणि तिसरी, ‘लागलं तर डोळे मिटून घ्या, अर्ध्या किमतीत घर आहे!’

या तिन्हींचा या महिन्यात नीट हिशेब मांडायचं ठरवलं, कारण विषय घरातच आला. माझ्या धाकट्या मावसभावाला पुणे मंडळाच्या सोडतीत घर लागलं. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घ्यायचं की नाही यावर चर्चा सुरू झाली. ती पंधरा दिवस चालली. घरात सॉफ्टवेअरवाला मी एकटाच, म्हणून एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडली. त्या शीटमध्ये बसलं ते आणि न बसलेलं, दोन्ही सांगतो.

आपल्याला चालतं का?

म्हाडा भाषा विचारत नाही, वास्तव्य विचारते. अर्जाच्या तारखेआधीच्या २० वर्षांत सलग १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचं दाखवावं लागतं आणि त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमच्या घरात पाच पिढ्या मराठी बोलत असतील, पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत असतील, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट पंधरा वर्षं पिंपरीत राहिलेला तमिळ माणूस पात्र ठरतो. काही ज्येष्ठांना याचा राग येतो. मला मात्र हे रास्त वाटतं. घर जिथे बांधलंय तिथे राहून राबणाऱ्याला ते मिळावं, आडनावाला नव्हे.

मावसभाऊ दहावीनंतर २००९ मध्ये डिप्लोमासाठी पुण्याला गेला तो तिथलाच झाला. आता चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची बायको खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते. पंधरा वर्षं भरली, पण ती कागदावर दाखवताना त्याची पुरेवाट झाली. पहिल्या तीन वर्षांचं कॉलेजचं बोनाफाईड मिळालं. पुढे काही वर्षं तो कॉट बेसिसवर राहिला, त्याचा करारनामा कुठून आणणार? शेवटी भविष्य निर्वाह निधीचे उतारे, बँकेचं पासबुक आणि पगारपत्रकं कामी आली. तुमची मुलं-पुतणे नुकतेच पुण्या-मुंबईला गेले असतील, तर त्यांना आजच सांगा की भाडेकरार नोंदणीकृत करा आणि कागद जपून ठेवा. पंधरा वर्षांनी जमवायला बसलात तर मिळत नाहीत.

दुसरी अट उत्पन्नाची. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर क्षेत्रांत वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च उत्पन्न गट. २०२२ मध्ये या मर्यादा वाढवल्या. इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको. आई-वडिलांचं पेन्शन यात धरत नाहीत. कमी उत्पन्नाचा माणूस वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करू शकतो, जास्त उत्पन्नाच्या माणसाला खालच्या गटात येता येत नाही. मावसभावाचं दोघांचं मिळून ८ लाख ६० हजार, म्हणजे अल्प गट. दोन पगारवाढी झाल्या असत्या तर दार बंद.

तिसरी अट मालकीच्या घराची. म्हाडाच्या नेहमीच्या घरांसाठी, सोडत ज्या भागातली आहे त्या भागात तुमचं, जोडीदाराचं किंवा अज्ञान मुलांचं घर नसावं. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांची अट जास्त कडक असते. भारतात कुठेही पक्कं घर नको. बडोद्याचं घर वडिलांच्या नावावर आहे तोवर अडचण नाही. पण वारसाहक्काने त्यात तुमचं नाव लागलं असेल, तर अर्जाआधी जाणकाराला विचारा.

ओळख लागते का?

नाही. आणि हे मी संगणकवाला म्हणून जरा जोर देऊन सांगतो. २०२३ पासूनच्या नव्या प्रणालीत कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधीच होते आणि पात्र अर्ज तेवढे संगणकीय सोडतीत जातात. पूर्वी घर लागल्यानंतर कागद तपासत, त्यात वर्षं जात आणि मधल्या फटीत दलाल शिरत. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही. ‘आत सेटिंग आहे’ म्हणून पैसे मागणारा माणूस तुमच्या नशिबावर सट्टा खेळत असतो. घर लागलं तर श्रेय त्याचं, नाही लागलं तर तो फोन उचलत नाही.

ओळख लागत नाही, पण नशीब किती लागतं ते बघा. ऑक्टोबर २०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अर्ज १ लाख १३ हजारांच्या वर. सरासरी काढली तर एका घरामागे ५५ पेक्षा जास्त माणसं. सरासरी फसवी असते हे खरं, कारण प्रत्येक योजनेचा संकेत क्रमांक वेगळा आणि गट व आरक्षणं वेगळी. कुठे एका घरासाठी शेकड्यांनी अर्ज येतात, तर कुठे घरं उरतात. तरी सोयीसाठी धरू की दर वेळी तुमची शक्यता पन्नासात एक आहे. मग दहा सोडतींत अर्ज करूनही एकदा तरी घर लागण्याची शक्यता साधारण १८ टक्के. वर्षाला एक सोडत धरली तर दहा वर्षं गेली आणि ८२ टक्के लोकांच्या हाती काही नाही.

म्हणून अर्ज जरूर करावा, पण घराचं नियोजन सोडतीवर टांगून ठेवू नये. ‘दोन वर्षं थांबू, लॉटरी लागेल’ म्हणून भाड्यात राहिलेले लोक मी पाहिलेत. तेवढ्या काळात बाजारभाव पुढे निघून जातो. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. अनामत मिळते, पण तोवर ती अडकून पडते. मुंबईच्या त्या सोडतीत अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला १ लाख आणि उच्चला दीड लाख अनामत होती.

अर्ध्या किमतीत घर?

इथे गंमत सुरू होते. सोडत म्हणजे स्वस्त, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. २०२३ च्या मुंबई सोडतीत ताडदेवची घरं साडेसात कोटींच्या घरात होती. ती खपली नाहीत. सिडकोने २०२४ च्या दसऱ्याला नवी मुंबईत २६ हजार घरांची योजना आणली, तिच्यात खारघरच्या काही घरांची किंमत ९७ लाखांवर होती आणि त्यावरून बरीच ओरड झाली. मुंबई मंडळालाही २०२४ मध्ये, अर्ज सुरू असतानाच, खासगी पुनर्विकासातून मिळालेल्या घरांच्या किमती गटानुसार १० ते २५ टक्क्यांनी कमी कराव्या लागल्या.

मावसभावाचं घर मात्र खरंच स्वस्त होतं, कारण ते २० टक्के योजनेतलं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी बिल्डर प्रकल्प उभारतो, तेव्हा त्याला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात. म्हाडा सोडत काढते, करार मात्र बिल्डरशी होतो आणि पैसेही त्यालाच जातात. पुनावळ्याला ४८ चौरस मीटर कार्पेट, म्हणजे सव्वापाचशे चौरस फुटांच्या आतबाहेर, किंमत २९ लाख. त्याच प्रकल्पातल्या खुल्या विक्रीच्या दराने तेवढ्याच जागेचे ५५ लाख होतात. म्हणजे ‘अर्ध्या किमतीत’ जवळपास खरं.

पण २९ लाख म्हणजे २९ लाख नव्हेत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते २ लाख ३ हजार. नोंदणी १ टक्का, २९ हजार. काम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी १ टक्का, आणखी २९ हजार. झाले ३१ लाख ६१ हजार. पार्किंग यात नाही. ओटा, कपाटं, पंखे, जाळ्या, पडदे धरा. चौतीस लाखांच्या खाली गाडी थांबत नाही.

बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणी आपल्या खिशातून. त्याने २४ लाखांचं कर्ज धरलं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पावणेएकवीस हजारांच्या आसपास येतो. दोघांच्या हातात महिन्याला ६८ हजार. सध्याचं भाडं १६ हजार. ताबा मिळेपर्यंत दोन्ही भरायचं. सुरुवातीला बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे कर्ज उचललं जातं, म्हणून आधी नुसतं व्याज. पण शेवटच्या काही महिन्यांत हप्ता आणि भाडं मिळून निम्म्याहून जास्त पगार जाणार. दोन वर्षांचं भाडंच ३ लाख ८४ हजार होतं. हा खर्च कुणीच धरत नाही.

मग राहिला कर्जाबाहेरचा साडेसात लाखांचा आणि वरच्या सामानाचा प्रश्न. त्याची बचत ६ लाख. मावशी म्हणाली, ‘माझी तीन लाखांची एफडी आहे, ती मोड.’ ती एफडी तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सात वर्षांचा करार

म्हाडाचं घर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं विकता येत नाही. भाड्याने द्यायचं तर परवानगी घ्यावी लागते. बाजारभावातला २६ लाखांचा फरक कागदावर आहे, खिशात नाही. तो मोजायचा तर बांधकामाची दोन आणि बंदीची पाच, अशी सात वर्षं थांबावं लागेल. या सात वर्षांत चाकणची नोकरी गेली, किंवा हालोलच्या पट्ट्यात चांगली नोकरी चालून आली आणि बडोद्याला परतावंसं वाटलं, तरी घर विकून मोकळं होता येणार नाही.

आणि दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, हेही गृहीत धरू नये. गोरेगावच्या पत्राचाळीत २०१६ मध्ये ३०६ घरांची सोडत झाली. विजेत्यांना आठ वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. तो प्रकल्प घोटाळ्यात अडकला होता, सगळीकडे असं होत नाही. पण महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख आणि तिला किती वेळा मुदतवाढ मिळाली ते बघायला पाच मिनिटं लागतात. आम्ही बघितलं. मुदतवाढ नव्हती, आणि आमच्या इमारतीचा आठवा स्लॅब पडला होता. रविवारी जाऊन मोजूनही आलो.

तिथे राहायचं कसं?

विरार-बोळींजचं उदाहरण आठवा. म्हाडाच्या कोकण मंडळाने तिथे जवळपास १० हजार घरं बांधली. सोडती झाल्या, तरी हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली, कारण पाण्याची बोंब. शेवटी प्रथम येणाऱ्याला प्रथम प्राधान्य म्हणून विकायला काढावी लागली. स्वस्त घर आणि राहण्याजोगं घर यात असा फरक पडतो. पाणी कुठून येतं, टँकर लागतो का, शाळा किती लांब, कारखान्याची बस कुठे थांबते, हे प्रश्न किमतीच्या आधी विचारायला हवेत.

२० टक्के योजनेत आणखी एक खोच आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना समान असतं, घर लहान असो की मोठं. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, पण रखवालदार, सफाई, बागकाम यांचा वाटा सारखाच. म्हणजे जलतरण तलाव, जिम, क्लब हाऊस असलेल्या मोठ्या संस्थेत तुमच्या सव्वापाचशे फुटांच्या घराला तीन बेडरूमवाल्याइतकंच सेवाशुल्क येऊ शकतं. ६८ हजार पगारात महिना सात-आठ हजार मेंटेनन्स गेला, तर स्वस्त घर महाग पडतं. तुमची इमारत त्याच संस्थेत असेल की तिची वेगळी संस्था होईल, हे आधी लेखी विचारा. वेगळी झाली तर खर्च कमी, पण बागेत आणि क्लब हाऊसमध्ये हक्क नाही. फाटक वेगळं असेल, तर मुलं कुठे खेळणार हेही आलंच. आमच्या बाबतीत वेगळी संस्था निघाली. मावसभावाला हायसं वाटलं. त्याच्या बायकोला वाईट वाटलं. दोघांचंही बरोबर होतं.

शीटमध्ये न बसलेलं

माझ्या एक्सेलचं उत्तर स्पष्ट होतं : घ्या. भाड्यात राहून तेवढीच बचत करत राहिलं, तरी पिंपरी-चिंचवडमध्ये त्याला या पगारात पंचावन्न लाखांचं घर कधी झेपलं नसतं. सोडतीचं घर नाही म्हटलं तर दुसरं घर असं नव्हतंच, होतं ते भाडंच.

मावशीचा हिशेब निराळा होता. ती म्हणाली, ‘तीस लाखांत इथे वाघोडिया रोडला ऐसपैस घर येतं. तिथे सव्वापाचशे फूट.’ काका गप्प होते. मग मावशीनेच मुद्द्याला हात घातला. ‘घर घे, मी नाही म्हणत नाही. पण सात वर्षं म्हणजे मी सत्तरीची होणार. तेव्हा ‘आई, आता तुम्हीच तिकडे या’ म्हणणार असशील, तर ते आत्ताच सांग.’

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग मावसभाऊ म्हणाला, ‘आई, मी परत येणार नाही, हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. सांगायचं धाडस होत नव्हतं.’

खरी गोष्ट ही होती. बडोद्याच्या किती घरांत ही न बोललेली गोष्ट आहे, ते तुम्हीच मोजा. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला. फोनवर दर वेळी ‘बघू, पुढे-मागे येऊच.’ आई-वडील त्या ‘बघू’वर जिन्याला कठडा लावणं लांबवतात, वरच्या मजल्याचं भाडेकरू ठेवणं लांबवतात. मोठा आर्थिक निर्णय समोर आला की ‘बघू’ चालत नाही. त्या दिवशी मावशी रडली थोडी, पण दुसऱ्या दिवशी तिने गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एफडी तिथेच वापरायची, हे तिनेच जाहीर केलं. मुलगा परत येईल तेव्हा करू म्हणून ती ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकलत होती.

मावसभावाने घर घेतलं. कमी पडलेली रक्कम भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी काढली. सामान हळूहळू घ्यायचं, पार्किंग सध्या नको, स्कूटर बाहेर उभी राहील. वर्षातून दोन महिने मावशी-काका पुण्याला आणि दिवाळी सगळ्यांची बडोद्याला, असं ठरलं. हे कितपत टिकेल माहीत नाही, पण निदान ठरलं तरी.

तुमच्यापैकी कुणाला लागलं तर

तीन प्रश्न स्वतःला विचारा. या घराची किंमत पुढची सात वर्षं एक रुपयाने वाढली नाही, तरी मी इथे आनंदाने राहीन का? ताबा वर्षभर लांबला, तर हप्ता आणि भाडं दोन्ही भरता येईल एवढं बाजूला आहे का? आणि हे घर घेऊन मी घरच्यांना जे न बोलता सांगतोय, ते तोंडाने सांगितलंय का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर घ्या. पहिल्याला ‘नाही’ असेल, तर तुम्हाला घर नको, नफा हवाय. आणि नफ्यासाठी सात वर्षं अडकणारं साधन वाईट. ते घर सोडून दिलंत तर खरंच राहणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येईल. दुसऱ्याला ‘नाही’ असेल, तर आई-वडिलांच्या औषधपाण्याच्या पैशाला हात लावण्याआधी थांबा. पहिला हप्ता भरण्याची मुदत देकार पत्रात लिहिलेली असते आणि ती फार लांब नसते. म्हणून ही बेरीज-वजाबाकी निकालानंतर नव्हे, अर्ज करतानाच करून ठेवा.

तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र सोडतीची वाट बघू नका. या रविवारी फोन कराल तेव्हा बोलून टाका.

पुढच्या महिन्यात मृत्युपत्र आणि नॉमिनी यांच्यातला घोळ सोडवू. या विषयावर ग्रुपवर बरेच प्रश्न आलेत. तोवर, कळावे.